बरगड्यांमधल्या अकरा जागा

४ नोव्हेंबर, सोमवार

लागलं एकदाचं बिऱ्हाड! दोन खोल्या, एक मोरी आणि एक खिडकी. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत सोडून काही दिसत नाही, पण दुपारी दोन तास ऊन येतं आणि ओल म्हणून कुठे नाही. मी आल्याआल्या चारही कोपऱ्यांत भिंतीला तळहात लावून पाहिला. किल्ली द्यायला आलेल्या कारकुनाला वाटलं असेल, बाई खोली बघतेय की खोलीचा ताप बघतेय. वाटेना का. मला कोरडं घर हवं होतं, ते मिळालं.

मेडिकल कॉलेजच्या मागे कर्मचाऱ्यांच्या खोल्यांची ही रांग आहे. आमच्या दारापासून माझ्या विभागाच्या दारापर्यंत दोनशे बारा पावलं. हे काडीने मोजलं. काडी म्हणजे माझी धाकटी बहीण. वय तेवीस, अंगावर मूठभर मांस नाही, म्हणून लहानपणापासून काडी. पण हसणं दहा जणींचं. आज सामान लावताना पितळी डबा माझ्या पायावर पडला आणि मी जो काही नाच केला, त्यावर ती इतकी हसली की शेजारच्या नर्सबाईंनी भिंतीवर थापा मारल्या. मी माफी मागायला गेले, तर त्या म्हणाल्या की त्यांना वाटलं कुणीतरी रडतंय. हसू असेल तर चालू द्या म्हणाल्या.

चालू द्यायचंच आहे. गेल्या वर्षी काडीच्या छातीत पाणी झालं, मग पू झाला. चार महिने हॉस्पिटलात, दोन बरगड्यांच्या मधून नळी घातलेली. आई-बाबा आधीच एकामागून एक गेलेले. मी तिच्या बरगड्यांवर हात ठेवून बसायचे आणि श्वास मोजायचे. झोपेत मिनिटाला सोळा, हा आकडा मला माझ्या वाढदिवसासारखा पाठ आहे. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं की ओलसर घरात ठेवलंत तर पुन्हा इथेच याल. म्हणून ही नोकरी, म्हणून ही खोली. तिचा श्वास नीट चालावा, एवढं एकच मागणं आहे माझं. बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो.

५ नोव्हेंबर, मंगळवार

कामाचा पहिला दिवस. मी शरीररचना विभागात नमुने तयार करते, म्हणजे विद्यार्थ्यांना बघायला मिळावं म्हणून मृतदेहाचा एकेक भाग नीट सोलून, साफ करून, मोकळा करून ठेवायचा. आधीच्या कॉलेजात सात वर्षं हेच केलं. हात चांगला आहे माझा, उगाच नम्रपणा कशाला.

हॉल लांबलचक आहे, सहा दगडी टेबलं, उंचावर काचेची तावदानं, आणि फॉर्मलिनचा तो वास, ज्याने पहिली दहा मिनिटं डोळे चुरचुरतात आणि मग आपण त्याला सरावतो. विभागप्रमुखांना सगळे नुसते सर म्हणतात. सर खुर्चीत बसून चष्म्यावरून बघतात आणि उंटावरून शेळ्या हाकतात. दुसरे मामा. मामा इथले शिपाई, तीस वर्षं झाली, देह आणणं, धुणं, झाकणं सगळं तेच करतात. सरसुद्धा त्यांना मामाच म्हणतात.

माझ्या वाट्याला चौथं टेबल आलंय. पन्नाशीचा, सडपातळ पुरुष. नाव नाही, पायाला फक्त बिल्ला. त्याच्या बरगड्यांमधले स्नायू मोकळे करायचे आहेत. पुस्तकात त्यांना आंतरपर्शुकी असं भारदस्त नाव आहे, पण काम साधं आणि सुंदर आहे. बरगड्या बारा, म्हणून मधल्या जागा अकरा. प्रत्येक जागेत स्नायूंचे थर. बाहेरच्या थराचे तंतू वरच्या बरगडीकडून खाली आणि पुढे जातात, खिशात हात घालताना बोटं जातात तसे. त्याच्या आतल्या थराचे नेमके उलटे, खाली आणि मागे. त्याहून आत आणखी एक पातळ पापुद्रा. दोन थर एकमेकांना छेदतात, वेताच्या खुर्चीची वीण असते तसे. बाहेरचा थर आखडला की बरगड्या बादलीच्या कडीसारख्या वर उचलल्या जातात, छाती रुंदावते, हवा आत येते. साधा श्वास सोडायला काही करावं लागत नाही, तो आपसूक सुटतो. पण खोकायचं असेल, ओरडायचं असेल, दिव्यावर फुंकर मारायची असेल, खदाखदा हसायचं असेल, तर आतला थर बरगड्या खाली खेचतो. अठरा तारखेला विद्यार्थी येणार. तोपर्यंत अकराच्या अकरा जागा तयार हव्यात, असं सरांनी सांगितलं.

चौथ्या टेबलाला एक जांभळी पेन्सिल दोरीने बांधलेली आहे, ओली केली की कातडीवर उमटणारी. कुठे कापायचं ते आधी आखून घ्यायला. दोरीला सात गाठी! मी मामांना विचारलं की इथले डॉक्टर पेन्सिली चोरतात की काय. मामा हसले नाहीत. पेन्सिल हॉलच्या बाहेर न्यायची नाही आणि जित्या माणसाच्या अंगाला लावायची नाही, एवढंच म्हणाले. प्रत्येक ऑफिसात एक असा माणूस असतोच, ज्याचा जीव टाचणीत अडकलेला असतो.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आज फजिती झाली. हा देह फार दिवस फॉर्मलिनमध्ये असणार, मांस चामड्यासारखं घट्ट झालंय आणि तंतूंची दिशाच कळेना. मी पहिल्या जागेत एक छेद आडवा घेतला. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं की सात वर्षं काय भाजी निवडत होतात का. कानशिलं तापली माझी.

यावर उपाय मला ठाऊक आहे. जिवंत छातीवर आखून बघायचं, बोटांना दिशा कळली की हात चुकत नाही. माझ्या स्वतःच्या बरगड्या आता कुठे सापडायच्या, पण घरी काडी आहे, तिच्या लांबूनही मोजता येतील. साधं पेन तिच्या अंगावर फिसकटतं, हे मी मागेही पाहिलंय. तेव्हा निघताना मी सातही गाठी सोडल्या आणि पेन्सिल खिशात टाकली. उद्या परत बांधेन, मामांना कळणारही नाही.

संध्याकाळी तासभर काडीला उभी करून दोन्ही बाजू आखल्या, पहिल्या जागेपासून अकराव्यापर्यंत. तिला गुदगुल्या होत होत्या, सारखी वाकडी व्हायची, आणि मी ओरडायचे की हलू नकोस, माझी नोकरी जाईल. तिने विचारलं की यातलं हसायचं कुठलं. मी आतल्या थराच्या रेघा दाखवल्या. मग ती आरशासमोर उभी राहून मुद्दाम हसली आणि रेघा कशा हलतात ते बघत बसली. चित्र इतकं देखणं झालं होतं की पुसवेना.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

हात अगदी लोण्यातून फिरावा तसा चालला. पहिली आणि दुसरी जागा, दोन्ही बाजूंनी पूर्ण. सर उठून आले, वाकून बघितलं, आणि तिसऱ्या जागेकडे बोट दाखवून परत गेले. म्हणजे खूश आहेत. पेन्सिल जागेवर बांधली.

काडी म्हणते की गळ्याखाली काहीतरी घट्ट वाटतंय, तंग झंपर घातल्यासारखं. आंघोळ केली तरी रेघा निघाल्या नाहीत. निघतील दोन दिवसांत.

११ नोव्हेंबर, सोमवार

तिसरी, चौथी आणि पाचवी जागा झाली. एक गोष्ट मात्र लिहून ठेवते. फॉर्मलिनमधलं मांस करडं-तपकिरी असतं. मी मोकळ्या केलेल्या जागा लालसर दिसतायत आणि बोटाला मऊ लागतात. मी सरांना दाखवलं. ते म्हणाले की हवा लागली की रंग बदलतो, आणि विद्यार्थ्यांना असंच जिवंत दिसायला हवं.

घरी आले तर काडी खुर्चीत बसलेली. नर्सबाईंनी काहीतरी विनोद सांगितला होता, तो ती मला सांगायला लागली, आणि शेवटी हसायला तोंड उघडलं तर आवाजच आला नाही. अर्धवट हवा निघाली आणि थांबली. मग ती म्हणाली की विनोदच फालतू होता.

मी तिच्या छातीवर हात ठेवला. वरचा भाग उचलला जात नव्हता. पाचव्या जागेपर्यंत काही नाही, सहाव्यापासून खाली हालचाल होती.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

रजा घेऊन काडीला कॉलेजच्याच दवाखान्यात नेलं. फोटो काढला. छाती स्वच्छ, पाणी नाही, डाग नाही. तरुण डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं की मोठ्या आजारातून उठलेल्या पोरींना अशी भीती बसते, मन रमवा. मी त्याला म्हटलं की तिचा श्वास मी तुमच्यापेक्षा जास्त मोजलाय. त्याला राग आला.

दुपारी ती झोपली तेव्हा मी बघत बसले. पोट वर येतं, आणि त्याच वेळी छातीचा वरचा भाग आत जातो. आत! खालून श्वासपटल हवा ओढतंय, आणि वर धरून ठेवायला स्नायू नाहीत, म्हणून जागा आत ओढल्या जातायत. पुस्तकात वाचलंय मी हे. मानेखाली मणका दुखावलेल्या माणसांचं असं होतं. तिच्या मणक्याला काहीही झालेलं नाही.

पहिली ते पाचवी. मी कापल्या त्याच. हा विचार मनात आला आणि मी स्वतःलाच शिव्या घातल्या.

१३ नोव्हेंबर, बुधवार

हॉलमध्ये गेले. कापलं नाही, फक्त पाहिलं. चौथ्या टेबलावरच्या तिसऱ्या जागेवर मोजपट्टी धरली. चौदा मिलिमीटर. मग सोळा. मग पुन्हा चौदा. घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला सोळा वेळा. वरच्या पाच जागा उघडमीट करतायत, बाकी देह दगडासारखा निपचित. मी चादर ओढली आणि बाहेर येऊन पायरीवर बसले.

मग मी जे केलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. मला खात्री हवी होती. मी परत आत गेले आणि सहावी जागा कापली, फक्त डावीकडची. घरी आले. काडीची डावीकडची सहावी जागा गेली होती. उजवी चालू.

मी माझ्या हाताने केलं. कळल्यानंतर, मुद्दाम केलं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

मामांच्या पाया पडायचीच बाकी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि न विचारताच ओळखलं. आत जाऊन त्यांनी गाठी मोजल्या. मी पाचच मारल्या होत्या.

त्यांनी सांगितलं ते असं. माझ्या आधी या टेबलावर काम करणारा जो होता, त्याने नमुना करताना स्वतःच्या दंडावर आखून बघितलं होतं. दंड गेला. मग देह विद्यार्थ्यांकडे गेला, ते रोज थोडं थोडं कापत राहिले, आणि तो माणूस रोज थोडा थोडा जात राहिला. सत्र संपायच्या आतच तो संपला. आखलं होतं दंडापुरतंच, पण एकदा खूण पडली की देहाचं पुढचं सगळं त्या माणसाला लागू होतं. मी विचारलं की मग आधी का नाही सांगितलंत. मामा म्हणाले, असलं सांगितलं तर कोण विश्वास ठेवतं बाई, म्हणून तर गाठी मारल्या. मी परत मिळवायचा मार्ग विचारला. ते म्हणाले, कापलेलं परत येत नाही.

संध्याकाळी स्पिरिट, साबण, मीठ, सगळं लावलं. काडीची कातडी सोलवटली, खालून जांभळ्या रेघा तशाच. एका दमात अख्खी गोष्ट सांगणारी माझी बहीण, आता चार शब्दांनी थांबते. मी तिला काय झालंय ते सांगितलेलं नाही. कोणत्या तोंडाने सांगू?

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

सरांना सांगितलं की या देहाला पुढे हात लावायचा नाही. कारण विचारलं. खोटं सांगितलं की संसर्ग आहे. ते म्हणाले, फॉर्मलिनमध्ये संसर्ग? मग खरं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला घरी जाऊन विश्रांती घ्यायला सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. आणि वर हेही सांगितलं की राहिलेल्या जागा विद्यार्थी स्वतःच करतील, शिकायला बरं. फळ्यावर वेळापत्रक लागलंय. सोमवारी अकरा वाजता सहावी ते अकरावी जागा. बुधवारी अकरा वाजता श्वासपटल.

बुधवारी. म्हणजे पोटही थांबणार.

तिथे उभी असतानाच एक गोष्ट सुचली. खूण जिच्यावर, पुढचं तिचं. मग शेवटची खूण माझ्यावर पडली तर? मी पेन्सिल सोडवून खिशात टाकली, हॉलमागच्या मोरीत जाऊन माझ्या उजव्या कुशीवर एक रेघ मारली, परत हॉलमध्ये आले आणि उजवीकडची सहावी जागा कापली. लगेच कळलं. कुशीत कुणीतरी एक दिवा विझवावा तसं. दुखत नाही. नुसतं तिथे काही उरत नाही.

धावत घरी. काडीची उजवी सहावी चालू आहे! शाबूत! माझा जीव भांड्यात पडला. मी तिला मिठी मारली तर ती म्हणाली, ताई, दाबू नकोस, आधीच हवा कमी आहे.

म्हणजे असं. तिच्या खालच्या जागा राहतील, श्वासपटल राहील. मोठ्याने हसता येणार नाही, धावता येणार नाही, पण जगेल. सोमवारी माझ्या जातील. बुधवारी मी जाईन. चूक माझी, हिशेबही माझाच. खरं सांगते, तीन दिवसांत आज पहिल्यांदा जेवण गेलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

मावशीला पत्र टाकलं. काडीला घेऊन जा, घर कोरडं असू दे, तिच्या पाठीला उशी लागते, सर्दी झाली तर वाट बघू नकोस. मी कुठे जातेय ते लिहिलं नाही. परदेशी नोकरी लागली असं लिहिणार होते, पण मावशीचा विश्वास बसला नसता, मला साधं स्टेशनवर तिकीट काढता येत नाही हे तिला ठाऊक आहे.

काडीला पोटाने श्वास घ्यायला शिकवतेय. पोटावर पुस्तक ठेवायचं आणि ते वर उचलायचं. तिने विचारलं की मी अशी का बघतेय तिच्याकडे. मी म्हटलं, केस बघतेय, जट झालीय.

भीती वाटते. इथे तरी खोटं कशाला लिहू. मला मरायचं नाहीये. पण तिच्याशिवाय जगायचं तर मुळीच नाहीये.

१७ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर ऊन होतं. तिच्या केसांना तेल लावलं. दुपारी मला गाढ झोप लागली, कित्येक दिवसांनी. उठले तेव्हा ती मोरीतून बाहेर येत होती, भिंत धरून. चेहरा प्रसन्न होता. तिला असं बघून मला बरं वाटलं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

पाच वाजलेत. लिहायला हवं, नाहीतर वेड लागेल.

अकराला मी टेबलाशी उभी होते. विद्यार्थी भोवती दाटले. देखणा नमुना, जिवंत वाटतो, असं आपापसांत बोलत होते. सातवी कापली. मी वाट बघत होते. माझा श्वास पुरा आला. आठवी. पुरा आला. कुशीतली ती एक जागा सोडली तर छाती दोन्ही बाजूंनी उचलली गेली, भरून, मोकळी. एक क्षणभर, फक्त एक क्षणभर, वाटलं की सुटलो, संपलं सगळं.

मग कळलं.

दोनशे बारा पावलं. काडी जमिनीवर होती. पोट वर, छाती आत. तिच्या तळपायावर एक जांभळी रेघ.

वहीच्या शेवटच्या पानावर तिचं अक्षर. ते इथे उतरवते —

“ताई, तुझी वही वाचली. रागावू नकोस, लपवायची तर गादीखाली कशाला ठेवतेस, मूर्ख. मावशीकडे मी जाणार नाही, तिचं घोरणं तुला माहीत आहे. गेल्या वर्षी चार महिने तू माझ्यासाठी बसलीस. तेव्हाच जायची होते मी. वरचं वर्ष फुकट मिळालं. तुझ्या खिशातली पेन्सिल गरम पाण्यात विरघळवून मोरीत ओतली. शोधू नकोस. तू मोठ्याने हस कधीतरी, तुला येत नाही नीट.”

मोरी जांभळी आहे. फरशीच्या सांध्यातलं खरवडून, थुंकीत कालवून अंगाला फासलं. साध्या जांभळ्या पेन्सिली आणल्या, पाच दुकानांतून. शाई लावली. रेघा मारून मारून कूस रक्ताळली. आणि परत हॉलमध्ये गेले, श्वासपटलाच्या कडेला थोडं कापून पाहायला — कापवलं नाही. माझ्यावर आलं नसतं तर?

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी दवाखाना. रक्तातल्या प्राणवायूचा आकडा चौऱ्याण्णव, श्वास आपला आपण चाललाय, खाट रिकामी नाही, तपासण्या गुरुवारी. गुरुवारी! मी कळवळून सांगितलं, बुधवारी अकरा. डॉक्टरांनी विचारलं, का. काय सांगणार.

दुपारी मी चौथ्या टेबलावरचा देह ढकलगाडीवर घालून दारापर्यंत आणला होता. कुणाला सापडणार नाही असा नेऊन लपवणार होते. सरांनी पहारेकरी बोलावले. मामा मध्ये पडले, त्यांनाही ढकललं. आता हॉलला नवं कुलूप, मला आत मज्जाव, खोली आठवड्यात सोडायची. सर म्हणाले की तुमची कीव येते.

ती बोलत नाही. एकेक शब्द —

पोटावर हात ठेवून बसलेय. चोवीस. सव्वीस.

२० नोव्हेंबर, बुधवार

आठ. रुग्णवाहिकेला फोन केला. यंत्रावर घातलं तर — यंत्र श्वास देतं, श्वासपटल नसलं तरी देतं — हे मला आधी का नाही — दूरच्या हॉस्पिटलात खाट आहे म्हणाले. निघतील म्हणाले.

साडेनऊ. निघालेले नाहीत.

दहा. नर्सबाई वॉर्डातून श्वासाचा पंप आणायला धावल्या, हाताने दाबायचा. मी म्हटलं, लवकर.

दहा वीस. निघाले. वाटेत आहेत.

मामा येऊन गेले. हॉलमध्ये मुलं जमली. सर आज स्वतः कापणार. मामा दारात रडत होते. मी त्यांना तिकडेच जायला सांगितलं, वीज घालवा, आग लागली म्हणून ओरडा, काहीही — गेले ते.

दहा पन्नास. तिने माझा हात पोटावरून काढून स्वतःच्या गालाला लावला. मी परत पोटावर ठेवला. तिला हसायचं होतं. ओठ हलले.

दुसऱ्या हाताने लिहितेय. लिहिणं थांबलं तर मोजणं चुकेल.

रस्त्यावर गाडीचा आवाज. तीच. तीच आहे. वळतेय.

अकरा.

पोट वर. पोट खाली.

दार उघडं आहे, जिन्यावर पावलं — इकडे, इकडे —

पोट वर. पोट खाली.

पोट वर.

काडी, पोट —